शब्दार्थ पाठ, उतारा कोरा: मराठीच्या अभ्यासगटांना खुले पत्र

प्रति,
सहावी ते आठवीची मराठीची नवी पाठ्यपुस्तके, स्वाध्याय आणि चाचण्या तयार करणारे सर्व अभ्यासगट

विषय: शब्दार्थ, शब्दसंपदा आणि उताऱ्यावरचे प्रश्न यांची नव्याने मांडणी करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून राज्यात नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने आणायचे ठरले. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात सहावीसाठी २०२६-२७, सातवीसाठी २०२७-२८ आणि आठवीसाठी २०२८-२९ असा क्रम दिला होता. याआधीची या इयत्तांची पुस्तके २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये आली होती. म्हणजे एकदा छापलेले पुस्तक दहा वर्षे वर्गात राहते आणि त्या दहा वर्षांतल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला तेच शब्दार्थ, तेच स्वाध्याय येतात. म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहोत. जाहीर लिहिण्याचे कारण इतकेच की पालकांनी आणि इतर विषयांच्या शिक्षकांनीही ते वाचावे, कारण भोगायला त्यांनाही लागते.

आम्ही उच्च प्राथमिक वर्गांना मराठी शिकवतो. पाठांच्या निवडीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. कोणता कवी घेतला आणि कोणता गाळला यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पाठ संपला की खाली शब्दार्थाच्या चार-पाच ओळी असतात आणि त्यानंतर स्वाध्याय सुरू होतो. आमची तक्रार त्या ओळींबद्दल आणि त्या स्वाध्यायाबद्दल आहे. मूल खडाखडा वाचते, शब्दार्थ घडाघडा म्हणून दाखवते, आणि उताऱ्यात काय सांगितले आहे असे विचारले की गप्प होते. यात मुलाचा दोष नाही. ज्या शब्दांवर उताऱ्याचा अर्थ उभा असतो ते शब्द त्याला कोणी शिकवलेलेच नसतात.

कोणत्याही छापील पुस्तकावर बोट ठेवायला नको म्हणून एक छोटा उतारा आम्हीच रचला आहे. सातवीच्या पातळीचा समजा.

"यंदा पाऊस सरासरीइतका झाला, तरीही माघ सरण्याआधीच गावच्या विहिरींनी तळ गाठला. उतारावरची झाडे तोडली गेल्यामुळे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून गेले होते. परिणामी भूजलाची पातळी खालावली. गावकऱ्यांनी टेकडीवर समतल चर खणायचा निर्णय घेतला. मात्र किमान दोन पावसाळे गेल्याशिवाय त्याचा उपयोग दिसण्याची शक्यता नव्हती."

पाच वाक्ये, बेचाळीस शब्द. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे याखाली कोणते शब्दार्थ येतील? माघ, तळ गाठणे, भूजल, समतल चर. हे द्यायलाच हवेत, वाद नाही. पण उतारा कळतो तो तरीही, ऐवजी, परिणामी, मात्र, किमान आणि शिवाय या सहांमुळे. यांतला एकही शब्द कठीण म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून तो शब्दार्थात येत नाही.

"तरीही" हा एक शब्द घ्या. तो कळायला न लिहिलेले एक वाक्य मनात यावे लागते: सरासरीइतका पाऊस झाला म्हणजे विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी राहायला हवे होते. ते वाक्य ज्या मुलाच्या मनात उमटत नाही ते मूल "तरीही" वरून "आणि" असल्यासारखे पुढे सरकते. मग "पाऊस कमी झाला म्हणून विहिरी आटल्या, चूक की बरोबर?" असे विचारले की उत्तर येते "बरोबर". विहीर आटते ती पाऊस कमी झाला म्हणून, हे त्याला घरून माहीत असते. त्याने उताऱ्याऐवजी स्वतःच्या माहितीतून उत्तर दिलेले असते.

"मुरण्याऐवजी वाहून गेले" यात पाणी मुरले की नाही? बरीच मुले सांगतात, आधी मुरले आणि मग वाहून गेले. त्यांनी दोन्ही क्रियापदे वाचली, मधला "ऐवजी" सोडून दिला. "किमान" आणि "कमाल" यांची अदलाबदल तर ठरलेली. बातम्यांतले किमान तापमान, कमाल तापमान रोज कानावर पडूनही ती होते, कारण दोन शब्द समोरासमोर ठेवून कोणी दाखवत नाही. आणि "गेल्याशिवाय… शक्यता नव्हती" इथे दोन नकार एकाच वाक्यात आहेत. ते एकमेकांना कापतात हे ओळखायला मुलाला वाक्य थांबून पुन्हा वाचावे लागते. तसे थांबायला आपण शिकवत नाही.

आता त्यावरचे प्रश्न. गावच्या विहिरींनी कधी तळ गाठला? गावकऱ्यांनी कोणता निर्णय घेतला? चौकट पूर्ण करा. कोण ते लिहा. या प्रश्नांनी काय तपासले जाते ते पाहायचे असेल तर हे वाक्य वाचा:

"टिमगांनी लोपटीवर झांबळ फुगर खणायचा निर्णय घेतला."

प्रश्न: टिमगांनी कोणता निर्णय घेतला? उत्तर: टिमगांनी लोपटीवर झांबळ फुगर खणायचा निर्णय घेतला. पैकीच्या पैकी गुण. यातले चार शब्द जगातल्या कोणत्याच भाषेत नाहीत. "-नी" वरून कोणी ते कळले, "-वर" वरून कुठे ते कळले, बाकीचे उतरवून काढले. मराठी कानावर वाढलेल्या मुलाला हे प्रत्यय आपोआप येतात, म्हणून त्याला अर्थाशिवाय उत्तरे लिहिता येतात, आणि आपण त्याला आकलनाचे गुण देतो. आकृतिबंध आणि चौकटी आल्याने यात फरक पडलेला नाही. पूर्वी वाक्य उतरवायचे, आता त्यातला शब्द उतरवायचा, एवढेच.

त्याच उताऱ्यावर असा प्रश्न टाका: चर या चैत्रात खणून झाले, तर विहिरींना फरक लवकरात लवकर केव्हा दिसेल? उत्तर उताऱ्यात शब्दशः कुठेच नाही. "किमान" आणि "शिवाय" कळलेले मूलच "पुढच्या वर्षीचा पावसाळा संपल्यावर" असे लिहील. किंवा असा: पाऊस सरासरीच्या निम्माच झाला असता, तर "तरीही" च्या जागी कोणता शब्द शोभला असता? "म्हणून" किंवा "त्यामुळे" लिहिणाऱ्या मुलाला पहिले वाक्य पूर्ण कळले आहे. हा प्रश्न एका गुणाचा, तपासायला पाच सेकंद. आकलन तपासायला वेळ लागतो हे कारण आम्हाला पटत नाही ते यामुळे.

मजकुरातले किती शब्द ओळखीचे असले म्हणजे तो कळतो, यावर इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांबाबत बराच अभ्यास झालेला आहे. त्यात शंभरात ९५ ते ९८ शब्द माहीत असावे लागतात असे दिसते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आणता येणार नाही. पण वरच्या उताऱ्यात सांधणारे सहा शब्द म्हणजे दर सात शब्दांत एक. ते धूसर राहिले तर माघ आणि भूजल पाठ करून काय हाती लागणार?

शब्दांचे ढोबळ तीन थर मानता येतात. घरीदारी बोलण्यातून येणारे शब्द मुलाकडे असतातच. प्रकाशसंश्लेषण, अक्षांश, समभुज असे विषयांचे शब्द त्या त्या तासाला व्याख्येसकट शिकवले जातात. मधला थर मात्र कोणाचाच नाही. अन्यथा, तुलनेने, अनुक्रमे, उर्वरित, वगळता, संबंधित, अपवाद, पर्याय, मर्यादा, हेतू, आशय, निष्कर्ष, प्रवृत्ती, संभाव्य, अपरिहार्य, अवलंबून असणे. हे शब्द घरी बोलत नाहीत आणि कोणत्या एका विषयाचेही नाहीत. भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र, गणिताचे शाब्दिक उदाहरण, सगळीकडे तेच येतात. "सीमा, रझिया आणि मेरी यांना अनुक्रमे ४०, ३५ आणि ३० गुण मिळाले" यात "अनुक्रमे" अडला की गणित अडते, आणि गणिताच्या शिक्षकाला वाटते की मुलाला बेरीज-वजाबाकी जमत नाही. या थराची जबाबदारी मराठीच्या पुस्तकाने घ्यावी असे आमचे मत आहे. दुसरे कोणी घेणार नाही.

आता जे शब्दार्थ दिले जातात त्यांच्याबद्दल. "औदार्य – दातृत्व", "अथांग – अगाध" या धर्तीच्या जोड्या आपण वर्षानुवर्षे छापत आलो आहोत. ज्याला औदार्य कळत नाही त्याला दातृत्व कळेल हे कशावरून? दुसरा प्रकार अधिक फसवा असतो, कारण तो सोपा दिसतो. "विपुल – भरपूर." मूल वाक्य करते: "मी काल विपुल जेवलो." "उमगणे – समजणे." मूल लिहिते: "मला उद्याची सुट्टी उमगली." शब्दार्थाप्रमाणे दोन्ही बरोबर आहेत, मराठी म्हणून दोन्ही चूक. एका शब्दाला एक शब्द दिला की तो कुठे चालतो आणि कुठे नाही हेच हरवते. त्याऐवजी असे लिहिता येईल: "विपुल: हवे तेवढे किंवा त्याहूनही जास्त असलेले. पाणी, धान्य, खनिजे, साहित्य यांबद्दल म्हणतात: कोकणात विपुल पाऊस पडतो. जेवणे, खेळणे अशा कामांबद्दल म्हणत नाहीत." एका ओळीच्या जागी तीन ओळी लागल्या. पाठामागे पंधरा शब्द देण्यापेक्षा असे सहा द्या, जागा फारशी वाढणार नाही.

घरच्या बोलीचा प्रश्न आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. विदर्भातल्या आणि नाशिककडच्या पुष्कळ मुलांच्या घरी शेताला वावर म्हणतात. पुस्तकात वाक्य येते: "या भागात बिबट्याचा वावर वाढला आहे." त्या मुलाच्या डोळ्यांसमोर बिबट्याचे शेत उभे राहते, आणि शेत कसे वाढले हे त्याला कळत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलाला रान म्हणजे शेत. "रानात वाघ राहतो" हे वाक्य तो उसाच्या फडात नेऊन ठेवतो. हे शब्द अनोळखी असते तर मुलाने निदान विचारले असते. ओळखीचे असल्यामुळे ते विचारत नाही, आणि शिक्षकालाही अडचण दिसत नाही. उपाय फार साधा आहे. "बिबट्याचा वावर" पुल्लिंगी आहे, शेत या अर्थाचे "वावर" नपुंसकलिंगी: वावर पेरलं, वावर नांगरलं. ही खूण मुलाला दाखवली की पुढच्या वेळी त्याचे ते ओळखते, शिवाय घरचा शब्द चूक नाही हेही त्याला कळते. शब्दार्थात "काही भागांत या शब्दाचा अर्थ शेत असाही आहे" एवढे सात-आठ शब्द वाढवायला काय हरकत आहे? मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या शिक्षकांना प्रत्येक पाठ छपाईआधी एकदा वाचायला दिला तर अशा जागा सहज सापडतील. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी मुलांचे काम यावर भागणार नाही. त्यांच्यासाठी मराठी ही मुळातच दुसरी भाषा आहे आणि त्यांना चित्रांसह वेगळी शब्दयादीच लागेल.

इतर माध्यमांच्या शाळांतल्या मुलांचेही तसेच. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची झाली, ते योग्यच झाले. पण हिंदी घेऊन येणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणजे शिक्षण, संसार म्हणजे जग, चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि खाली म्हणजे रिकामे वाटते. इतर माध्यमांसाठीच्या सुलभभारती या मराठीच्या पुस्तकात अशा फसव्या जोड्यांचे एक पान असावे. वीस-पंचवीस शब्द पुरेत.

शब्दकोश पाहण्याची सवय लावा असे स्वाध्यायात लिहिलेले असते. मराठीत ते वाटते तितके सोपे नाही, कारण शब्द पाठात ज्या रूपात येतो त्या रूपात कोशात नसतो. "उसाला" वाचलेले मूल कोशात "उस" शोधते, शब्द असतो "ऊस". "देवळातल्या" साठी "देऊळ", "कापसाचा" साठी "कापूस", "विहिरींनी" साठी "विहीर". वरच्या उताऱ्यात "उतारावरची" आहे, त्याचा मूळ शब्द उतार. "उताऱ्यावरचे" असते तर मूळ शब्द उतारा. एका "ऱ्या" ने टेकडीचा परिच्छेद होतो. सामान्यरूपाचा धडा व्याकरणात असतो, पण तो शब्द शोधण्याशी जोडलेला नसतो. प्रत्यय काढा, ऱ्हस्व-दीर्घ मूळ जागी आणा, मग कोश उघडा, असा पाच मिनिटांचा सराव दर पाठामागे दोन शब्दांवर झाला तरी सहावी संपेपर्यंत हात बसतो. आणखी एक अडचण वर्णक्रमाची. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी शिकवतात. पुष्कळ कोशांत मात्र क्षमा "क" मध्ये आणि ज्ञान "ज" मध्ये असते. हे एकदा सांगितले नाही तर मूल शेवटची पाने चाळून कोश मिटून ठेवते.

उपसर्गांचे तक्ते पुस्तकात असतात, पण नुसता तक्ता मुलांना चुकीच्या वाटेला लावतो. "अ, अन्: नाही, अभाव" एवढे पाठ झाले की मुले अनुकरण, अनुवाद, अनुमान यांतही नकार शोधू लागतात. अनुचित, अनुत्तीर्ण, अनुपस्थित यांत अन् आहे: अन् + उचित, अन् + उत्तीर्ण, अन् + उपस्थित. अनुकरणात अनु आहे, म्हणजे मागून, -प्रमाणे. दोन्ही गट शेजारी छापून "अन् काढून उरलेला भाग सुटा वाचून अर्थ लागतो का?" ही कसोटी द्यायला हवी. अनुचितमधला उचित सुटा उभा राहतो. मूळ शब्दावरून कुटुंब मांडतानाही तीच काळजी हवी. भू वरून भूगोल, भूजल, भूकंप, भूगर्भ ही माळ उत्तम. जल वरून जलचर, जलाशय, जलसंधारण हीही चांगली, पण "जलद" येताच थांबून सांगावे लागते की रोजच्या वापरातल्या या जलदचा पाण्याशी संबंध लावायचा नाही.

विषयांच्या सीमेवरचे शब्दही असेच निसटतात. अंश हा शब्द सातवीचे मूल एका दिवसात चार ठिकाणी वाचू शकते: अपूर्णांकाचा अंश, कोनाचे अंश, तापमानाचे अंश आणि "अंशतः खरे". पाया त्रिकोणालाही असतो आणि घातांकालाही. विज्ञानातले "कार्य" तर घरच्या लग्नकार्यापासून फार दूर: भिंत ढकलून घामाघूम झाले तरी भिंत हलली नाही म्हणून कार्य शून्य. अशा बहुअर्थी शब्दांची एक सामाईक यादी गणित, विज्ञान, भूगोल आणि मराठी या चारही अभ्यासगटांनी एकत्र बसून केली पाहिजे. आज प्रत्येकाचे पुस्तक वेगळ्या खोलीत तयार झाल्यासारखे वाटते.

छपाईची एक बाब लहान दिसते, पण अर्थ बदलते. डोंगर-दऱ्या आणि दर्या, आचाऱ्याने आणि आचार्याने. टंकात ऱ्य आणि र्य यांचा फरक राखला नाही तर दरीचा समुद्र होतो आणि स्वयंपाक्याचा गुरू. मुद्रितशोधनात हे स्वतंत्रपणे तपासले जावे.

वाक्प्रचारांचे गुणही असेच फुकट जातात. "कानाडोळा करणे: वाक्यात उपयोग करा." उत्तर: "रामने कानाडोळा केला." व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष, आम्हाला गुण द्यावा लागतो, आणि रामने काय केले हे लिहिणाऱ्याला माहीत आहे की नाही ते आम्हाला कळत नाही. सूचनेत फक्त "वाक्यात कारण किंवा परिणाम आला पाहिजे" एवढे घातले तर लिहावे लागेल: "दुखण्याकडे कानाडोळा केल्यामुळे आजोबांना दवाखान्यात ठेवावे लागले." इथे अर्थ लपत नाही.

एखादा शब्द नीट शिकवायला किती वेळ लागतो, हे आम्हाला नेहमी विचारले जाते. चार मिनिटे. "किमान" चे उदाहरण देतो. पाठातले वाक्य मोठ्याने वाचायचे. मग अर्थ पूर्ण वाक्यात सांगायचा: "किमान म्हणजे याहून कमी चालणार नाही, जास्त चालेल." मग पाठाबाहेरचे उदाहरण: "या खेळाला किमान चार जण लागतात." मग हो-नाही: तिघे आले तर खेळ होईल? सहा आले तर? इथे हात वर करून सगळा वर्ग उत्तर देतो आणि कोण गोंधळले आहे ते लगेच दिसते. मग शेजारी "कमाल" ठेवायचा: लिफ्टमध्ये कमाल सहा माणसे. शेवटी प्रत्येकाने शेजाऱ्याला एक वाक्य सांगायचे. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने हाच शब्द नव्या वाक्यात परत यायला हवा. तो परत आणणे एकट्या शिक्षकाच्या स्मरणावर सोडता येत नाही, पुस्तकानेच पुढच्या पाठांत तो पेरला पाहिजे. शब्द फळ्यावर लिहून वहीत उतरवून घेणे, पाठ वाचण्याआधीच वीस अर्थ सांगून टाकणे आणि चाचणीत फक्त जोड्या लावायला देणे, या तिन्हींनी शब्द दोन दिवसांपलीकडे टिकत नाही.

हिशेबही करून पाहा. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. परीक्षा, स्नेहसंमेलन, सर्वेक्षणाची कामे वजा करून आपण ३० आठवडे धरू. आठवड्याला सहा शब्द म्हणजे २४ मिनिटे, एका तासिकेहून कमी. वर्षाला १८०, तीन वर्षांत ५४०. मधल्या थरातले एवढे शब्द घेऊन मूल नववीत गेले तर मराठीची कुमारभारती उघडताना त्याला धडकी भरणार नाही, आणि गाइडवाचून त्याचे अडणारही नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. सहावी ते आठवीसाठी मधल्या थरातल्या सुमारे ५४० शब्दांची इयत्तावार यादी करून ती संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली करावी. ती करताना मराठीसोबत गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांची त्याच इयत्तांची पुस्तके आधाराला घ्यावीत.

२. पाठामागे सहा ते आठच शब्द द्यावेत. प्रत्येकाचा अर्थ पूर्ण वाक्यात, एक उदाहरण आणि गरज असेल तिथे "असे म्हणत नाहीत" ही ओळ. अर्थातला कोणताही शब्द मूळ शब्दाहून कठीण नसावा.

३. तरीही, ऐवजी, अन्यथा, परिणामी, वगळता यांसारख्या सांधणाऱ्या शब्दांना प्रत्येक स्वाध्यायात एक ठरलेली जागा द्यावी.

४. एका पाठात शिकवलेला शब्द पुढच्या किमान तीन पाठांच्या मजकुरात किंवा स्वाध्यायात परत यावा, आणि कुठे येतो ते शिक्षकांसाठीच्या सूचनांत छापावे.

५. पायाभूत आणि संकलित चाचण्यांत उताऱ्यावरच्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न असे असावेत की ज्यांचे उत्तर उताऱ्यातून उतरवता येणार नाही. प्रश्न तपासायला टिमगांची कसोटी लावावी: नामे-क्रियापदे बदलून निरर्थक शब्द घातले आणि तरी उत्तर आले, तर तो प्रश्न बाद.

६. छपाईआधी प्रत्येक पाठ किमान पाच वेगवेगळ्या बोलीभागांतल्या शिक्षकांकडून फसव्या शब्दांसाठी वाचून घ्यावा. गोंडी, कोरकू, भिली अशा भाषा घरी बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांसह स्वतंत्र शब्दपुस्तिका काढावी.

७. शिष्यवृत्ती परीक्षेच्या धर्तीचे "समानार्थी शब्द ओळखा" हे प्रश्न सुट्या शब्दावर न विचारता वाक्यात विचारावेत.

यांतल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या मागणीला जादा पान लागत नाही, जादा पैसाही लागत नाही. ज्या पुस्तकाचा मसुदा अजून छापखान्यात गेलेला नाही त्यात त्या तीन तरी घ्याव्यात. कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि अमान्य असतील तर का, हे लेखी कळवावे. पहिल्या मागणीतल्या यादीसाठी सहावीच्या १८० शब्दांचा कच्चा मसुदा, प्रत्येकी अर्थ आणि उदाहरणासह, आम्ही करून द्यायला तयार आहोत. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

आपले,
उच्च प्राथमिक वर्गांना मराठी शिकवणारे काही शिक्षक